मशीन नंबर ३ : जुन्या कॉम्प्युटरचा बूट टाइम (बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ) ४ मिनिटं १० सेकंदांवरून ४० सेकंदांवर आला!

काल रात्री साडेअकराला लाइन आली, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बटण दाबलं अन् डेस्कटॉप आला तेव्हा आकडा होता ४०. विश्वास बसेना म्हणून दोनदा बंद करून परत पाहिलं, ४१ आणि ४०. आईला झोपेतून उठवून दाखवलं मी, इतका आनंद झाला.

हे एका जिनिंगच्या ऑफिसातलं जुनं मशीन, आय३ २१२०, एच६१ बोर्ड, ४ जीबी रॅम, साफ करताना ज्याच्या हीटसिंकमधून (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा भाग) मूठभर रुई निघाली होती. आमच्या गावच्या (दारव्ह्यापासून जवळच) अभ्यासिकेत ते ठेवायचं आहे. पोरं तिथे तलाठी अन् पोलीस भरतीचे फॉर्म भरतात, लाइन दिवसातून चार-पाचदा जाते, यूपीएसची बॅटरी कधीचीच बसली, म्हणजे दर वेळी चार मिनिटं काळ्या स्क्रीनकडे पाहत राहायचं, त्यात फॉर्मची शेवटची तारीख असली की पोरांचा जीव वरखाली. म्हणून हा बूट टाइम सोडायचा नाही असं ठरवलंच होतं.

हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी आधीच लागली होती, मिंट एक्सएफसीई (हलकं लिनक्स) टाकून झालं होतं, बोर्डवरच्या बायोसचा (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) सेलही नवा (जुना २०३२ मीटरवर २.३ व्होल्ट दाखवत होता). आणि तरी ४ मिनिटं १० सेकंद! हार्डडिस्कवर पाच लागत होते, म्हणजे एसएसडीने एक मिनिटही धड वाचवलं नाही. यवतमाळच्या एका दुकानदाराने मशीन उघडूनही न पाहता सांगितलं, बोर्ड गेला, नवीन घ्या. दुसरा म्हणे विंडोज मारून देतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला अन् ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, हा दुसऱ्या पिढीचा, मग काय मारून देणार? न तपासता बोर्ड गेला म्हणणाऱ्याकडे मी तरी परत जाणार नाही.

शेवटी वही घेऊन बसलो अन् वेळेचे तुकडे पाडले. बटणापासून ग्रबपर्यंत (कोणती सिस्टम सुरू करायची ते विचारणारा मेनू) १ मिनिट २०. ग्रबवर १० सेकंद. पुढचं सिस्टमडी-अ‍ॅनालाइझने (बूटमध्ये कुठे किती वेळ गेला हे दाखवणारी कमांड) सांगितलं, कर्नल (लिनक्सचा गाभा) ३६ सेकंद, युजरस्पेस (त्यानंतर सुरू होणाऱ्या सर्व्हिसेस) २ मिनिटं ४. बेरीज बरोबर ४:१०.

आता खरी डोकेदुखी. 'ब्लेम' कमांड मारली की कोणत्या सर्व्हिसने किती वेळ खाल्ला याची यादी येते, अन् मी आठ दिवस त्या यादीमागे लागलो होतो. नेटवर्क मॅनेजरची वेट-ऑनलाइन (नेट जोडेपर्यंत थांबणारी सर्व्हिस) बंद केली, ब्लूटूथ बंद, प्रिंटरचं कप्स बंद, बूट होताना लोगो दाखवणाऱ्या प्लायमाउथला हात लावला. सगळं मिळून धड फरक पडला नाही. यादीतली बेरीज कशीही केली तरी दोन मिनिटं होत नव्हती, म्हणजे दीड मिनिट कोण खाऊन राहिलं हे यादीत दिसतच नव्हतं.

परवा रात्री ग्रबमध्ये ई दाबून 'क्वाएट स्प्लॅश' हे बूटचे मेसेज लपवणारे दोन शब्द खोडले अन् बूट केलं. अक्षरं धावली, धावली आणि एका ओळीवर येऊन थांबली, स्टार्ट जॉब इज रनिंग, पुढे भलामोठा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक), आणि ४७ सेकंद भागिले १ मिनिट ३०. तिथेच सापडला चोर!

झालं असं होतं की मागे मी बाजूच्या पार्टिशनवर (डिस्कचा वेगळा भाग) दुसरी डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) ट्राय केली होती, तिच्या इन्स्टॉलरने स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची जागा) नव्याने फॉरमॅट केलं, त्याचा यूयूआयडी बदलला, पण मिंटच्या एफएसटॅबमध्ये (बूटला कोणती पार्टिशनं जोडायची याची यादी) जुनाच राहिला. सिस्टमडी (लिनक्सच्या सर्व्हिसेस सुरू करणारा) बिचारा दर बूटला त्या नसलेल्या पार्टिशनची वाट पाहायचा, त्याचा डिफॉल्ट टाइमआउटच ९० सेकंदांचा. आणि ते डिव्हाइस शेवटपर्यंत येतच नाही म्हणून ब्लेममध्ये त्याचं नाव नाही. ज्यांचं मशीन नेमकं दीड मिनिट अडकतं त्यांनी बाकी काही करण्याआधी ब्लकआयडी (खरे यूयूआयडी दाखवणारी कमांड) अन् एफएसटॅब शेजारी ठेवून जुळवून पाहा.

तेवढं दुरुस्त केलं तर ९० सेकंद गेले, पण कर्नल अजून ३६ च. इथेही तोच जुना यूयूआयडी! इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टम) रिझ्युम फाइलमध्ये तो पडून होता, हायबरनेटमधून (डिस्कवर काम साठवून झोपणं) उठायचंय का हे बघायला ते ३० सेकंद स्वॅप शोधत राहायचं. रिझ्युम इक्वल टू नन केलं, अपडेट-इनिटरॅमएफएस चालवलं, कर्नल ६ सेकंद. हे सहा मी वहीत लाल पेनने लिहिले आहेत.

राहिले ग्रबच्या आधीचे १:२०. डीव्हीडी ड्राइव्हची सॅटा केबल काढली, फरक नाही. डेटासाठी ठेवलेली जुनी ५०० जीबी हार्डडिस्क काढली तर १४ सेकंदांत ग्रब! स्मार्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीची नोंद) पाहिलं तर पेंडिंग, म्हणजे खराब व्हायला आलेले सेक्टर २१२, बायोस तिच्या तयार होण्याची वाट पाहत बसत होता. खुशीत पुढे बघतो तर परत दीड मिनिट अन् त्यानंतर थेट इमर्जन्सी मोड (डेस्कटॉप नाही, नुसती कमांडची काळी स्क्रीन). डिस्क काढली पण एफएसटॅबमधली तिची ओळ तशीच होती, त्यात नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहिलेलं नव्हतं. रात्री एक वाजता तिथूनच नॅनो एडिटर उघडून ओळ काढली. डिस्कवरचा डेटा आधीच कॉपी करून ठेवला होता, नाहीतर अवघड होतं. ती डिस्क माउंट व्हायलाच पंधरा-सोळा सेकंद खात होती, ते गेले तर युजरस्पेस १८ वर. काल संध्याकाळी ग्रबचा टाइमआउट २ केला अन् लाइनची वाट पाहत बसलो.

पुढचा प्लॅन रॅम ८ जीबी करायचा होता, पण हे लिहिता लिहिताच वाटून राहिलं की आधी झेडरॅम (रॅममध्येच डेटा दाबून बसवण्याची सोय) लावून पाहावं, मग स्वॅप पार्टिशनच उडवता येईल अन् रॅमचे पैसे यूपीएसच्या बॅटरीला जातील. अभ्यासिकेला तीच जास्त लागते. आणि मशीन नंबर ४ वर नव्याने सगळं करण्यापेक्षा याचीच क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब कॉपी करणारं सॉफ्टवेअर) इमेज टाकतो. हो, क्लोनमध्ये यूयूआयडी तेच येतात, दोन्ही डिस्क एका मशीनला लावल्या की गोंधळ होईल, म्हणून त्या एकत्र लावायच्याच नाहीत. आजच करतो, लाइन रात्री नऊपर्यंत आहे.