टर्की, सेजची पाने आणि पोटातले सारण

शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४

१४ पौंडांची, म्हणजे सव्वासहा किलोंहून थोडी अधिक वजनाची गोठवलेली टर्की आज सकाळी फ्रीझरमधून काढली आणि फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, उंच कडांच्या ताटात ठेवली. दर चार ते पाच पौंडांना एक दिवस या हिशेबाने ती मंगळवारी संध्याकाळपर्यंत आतपर्यंत वितळेल. मग मीठ, आणि गुरुवारी ओव्हन. एवढा मोठा पक्षी ओट्यावर ठेवून वितळवला, तर वरचे मांस कोमट होऊन त्यात जंतू वाढू लागतात आणि पोटात मात्र बर्फ तसाच असतो. म्हणून थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणाऱ्या अमेरिकी सणाचा स्वयंपाक आमच्याकडे नेहमी शनिवारीच सुरू होतो.

पंगतीला आम्ही घरचे चौघे, शेजारच्या वयोवृद्ध बाई आणि धाकटीच्या विद्यापीठातले तीन विद्यार्थी असे असू. चार दिवसांच्या सुट्टीत मुंबई-पुण्याला जाऊन येणे शक्य नसते आणि वसतिगृहे ओस पडतात, त्यामुळे या मुलांना घरी बोलावण्याची पद्धत मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी घरांत चांगलीच रुळली आहे. त्यांतली एक मुलगी शाकाहारी आहे, याची नोंद करून ठेवते.

पावाच्या तुकड्यांचे सारण पक्ष्याच्या पोटात भरायचे की वेगळ्या भांड्यात भाजायचे, हा प्रश्न दर वर्षी निघतो. हल्लीच्या बहुतेक पाककृती वेगळे भाजायला सांगतात आणि त्यांचे म्हणणे बिनबुडाचे नाही. पोटाचा मध्यभाग सर्वांत शेवटी तापतो. भाजताना मांसाचा कच्चा रस पावाच्या तुकड्यांत झिरपतो, त्यामुळे मांसाइतकेच सारणही पूर्ण तापले पाहिजे. आणि सारण तापेपर्यंत थांबले, तर छातीचे मांस कोरडे पडण्याची भीती असते. हे सगळे मला मान्य आहे आणि तरीही मी सारण पोटातच भरते. तीन-चार तास हळूहळू उतरणारी चरबी, मांसाचा रस आणि आतल्या आत कोंडलेली सेज या सुगंधी पाल्याची वाफ पावात मुरली, की जी चव येते, ती वेगळ्या भांड्यात कितीही उत्तम स्टॉक, म्हणजे हाडा-मांसाचा उकळून काढलेला अर्क, ओतला तरी येत नाही. कोरडेपणावर उपाय करता येतात. या चवीला मात्र दुसरा पर्याय मला सापडलेला नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

संध्याकाळी टर्कीवरचे वेष्टन काढले. पोटाच्या पोकळीतून मान काढली, आणि गळ्याच्या बाजूच्या पोकळीतून कलेजी, पेटा व हृदय असलेली कागदी पुडी काढली. मान, पेटा आणि हृदय उद्याच्या स्टॉकसाठी ठेवले. कलेजी स्टॉकमध्ये घातली, तर त्याला कडवट झाक येते, म्हणून ती वेगळी परतायची. पक्षी नळाखाली धुतला नाही. धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ते सिंकभर आणि ओटाभर पसरतात. कागदी टॉवेलने आतून-बाहेरून टिपून घेतले, की पुरते.

मीठ लावण्याआधी वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचून घ्यावीत, कारण इथल्या पुष्कळ टर्क्यांमध्ये खारे पाणी आधीच टोचलेले असते आणि अशा पक्ष्याला पुन्हा मीठ लावले, तर ग्रेव्ही खारट होते. आमची साधी होती. दर पाच पौंडांना एक मोठा चमचा जाड मीठ या प्रमाणात तीन चमच्यांना थोडे कमी मीठ घेऊन छातीला आणि मांड्यांना जास्त, पाठीला कमी असे चोळले आणि पक्षी न झाकता फ्रिजमध्ये ठेवला. तासाभरात कातडीवर पाण्याचे थेंब दिसू लागतात. मीठ आतला ओलावा बाहेर ओढते, त्यात स्वतः विरघळते, आणि मग ते खारे पाणी हळूहळू मांसात परत शिरते. मिठामुळे मांसातली काही प्रथिने सैल होतात, त्यामुळे ओव्हनच्या उष्णतेत ती आवळून सगळे पाणी बाहेर टाकत नाहीत. शिवाय फ्रिजच्या कोरड्या हवेत कातडी सुकते, आणि सुकलेली कातडीच कुरकुरीत भाजली जाते. बादलीभर खाऱ्या पाण्यात पक्षी बुडवून ठेवण्याची रीतही आहे, पण त्यात मांस पाणचट लागते आणि कातडी ओली राहते, असे माझे मत आहे.

बुधवार, २७ नोव्हेंबर

आज मागच्या अंगणातून पाने खुडली. नोव्हेंबरच्या शेवटी इथली बहुतेक झाडे निष्पर्ण असतात, तुळस तर ऑक्टोबरच्या पहिल्या कडक थंडीतच काळी पडते. पण सेज आणि थाईम दहिवराला जुमानत नाहीत, आणि पार्स्लीसुद्धा वाळलेल्या पानांखाली हिरवी असते. रोझमेरीला मात्र इथला हिवाळा सोसत नाही, म्हणून तिची कुंडी घरात दक्षिणेच्या खिडकीशी असते. सेजची या दिवसांतली पाने उन्हाळ्यातल्या पानांपेक्षा लहान, जाडसर आणि करड्या झाकेची असतात. त्यांच्यावर इतकी दाट लव असते, की थेंब पडला तर मण्यासारखा वर उभा राहतो. पान दोन बोटांत चुरडले, की कापरासारखा, किंचित कडवट वास हाताला दिवसभर राहतो. थाईमची काडी चोळली, की मला थेट घरचा ओवा आठवतो, आणि तो काही केवळ भास नाही: ओव्याला ज्या थायमॉलमुळे वास येतो, तेच थायमॉल थाईममध्येही असते.

या पानांतली सुगंधी द्रव्ये तेला-तुपात विरघळतात, पाण्यात फारशी नाही. म्हणून पाने नुसती पक्ष्यावर भुरभुरवली, तर वास हवेत जातो आणि पाने जळून काळी होतात. चिरलेले सेज, थाईमची काड्यांवरून ओरबाडलेली बारीक पाने, थोडी पार्स्ली, लिंबाच्या सालीचा कीस आणि भरपूर मिरपूड मऊ लोण्यात कालवून मी ते छातीच्या कातडीखाली भरते. गळ्याच्या बाजूने बोटे हळूच आत सरकवली, की कातडी मांसापासून सुटते. नखे कापलेली हवीत आणि धीर हवा, कारण कातडी एकदा फाटली, की लोणी सगळे पॅनमध्ये वाहून जाते. लोणी खोलीत मऊ होऊ द्यावे आणि पक्षी फ्रिजमधून काढल्याबरोबर भरावे. थंड मांसाला लागताच ते पुन्हा घट्ट होते आणि वरून हात फिरवून हवे तसे पसरवता येते. रोझमेरी फार जोरकस आहे, तिची एखादी काडी पॅनमध्ये कांद्याबरोबर पुरे.

वाळलेली पाने बाजारात बाराही महिने मिळतात आणि ताज्याच्या एक तृतीयांश घातली, की काम भागते. पण वाळलेल्या सेजला धुळीसारखी एक चव असते आणि पावाच्या सारणात ती लपत नाही. ज्यांना अंगण नाही, त्यांनी निदान सेजपुरती तरी ताजी जुडी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पाव दोन दिवसांपूर्वीच चौकोनी तुकडे करून पसरला होता. आज तो मंद ओव्हनमध्ये पूर्ण कोरडा केला, कारण कोरडा पावच रस शोषतो आणि ओल्या पावाचा लगदा होतो. कांदा आणि सेलरी लोण्यात मऊ होईपर्यंत परतली, शेवटी सेज व थाईम घातले आणि लगेच आच बंद केली. पार्स्ली उद्या, अगदी कालवताना. मान आणि पेट्याचा स्टॉक दुपारभर मंद आचेवर होता. ओले आणि कोरडे साहित्य रात्री वेगवेगळे ठेवले. सारण आदल्या दिवशी पक्ष्यात भरून ठेवणे हा शुद्ध धोका आहे. क्रॅनबेरीची चटणी दहा मिनिटांत झाली: १२ औंस फळे, एक कप साखर, एक कप पाणी, आणि फळे फटाफट फुटेपर्यंत उकळणे. ही फळे कार्व्हर गावाच्या बाजूची आहेत. ऑक्टोबरमध्ये तिथले वाफे पाण्याने भरतात आणि तरंगणाऱ्या फळांनी सगळे पाणी लाल होते.

इंग्रज वसाहतकऱ्यांचे प्लिमथ तिथून जवळच. या सणाचे मूळ मानल्या जाणाऱ्या, १६२१ च्या शरद ऋतूतल्या तिथल्या मेजवानीचे जे पत्र उपलब्ध आहे, त्यात शिकार केलेल्या पक्ष्यांचा आणि तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांनी आणलेल्या पाच हरणांचा उल्लेख आहे, टर्कीचे नाव त्यात नाही. सारण भरलेली टर्की या सणाच्या केंद्रस्थानी आली, त्यात न्यू हॅम्पशायरच्या सारा जोसेफा हेल यांचा मोठा वाटा आहे. १८२७ च्या आपल्या कादंबरीत त्यांनी मेजाच्या अग्रभागी ठेवलेल्या भाजलेल्या टर्कीचे आणि तिच्या सारणाच्या दरवळाचे वर्णन केले, आणि पुढे अनेक वर्षे राष्ट्रीय सणासाठी पत्रे व लेख लिहिले. १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी तशी घोषणा केली. त्याच प्लिमथमध्ये १९७० पासून मूळ रहिवासी हाच दिवस शोकदिन म्हणून पाळतात. आमच्या मुलांना या दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत, आणि जेवायला बसताना आम्ही दोन्हींचा उल्लेख करतो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

साडेदहाला पाव, परतलेला कांदा, पार्स्ली, एक अंडे आणि गरम स्टॉक एकत्र केला. मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये, इतपत ओलसर. ओलाव्यातून उष्णता लवकर पोहोचते, म्हणून कोरडे सारण पोटात भरू नये. शाकाहारी पाहुणीचा वाटा भाजीच्या स्टॉकमध्ये, अंडे न घालता, आधीच वेगळ्या भांड्यात काढला. त्यात अक्रोड आणि परतलेले मशरूम घातले. उरलेले सारण पोटात सैल भरले. दर पौंडाला पाऊण कप हे प्रमाण वरची मर्यादा समजावी, कारण पाव रस पिऊन फुगतो आणि गच्च भरले, तर मध्ये उष्णता पोहोचतच नाही. पाय जाड दोऱ्याने सैल बांधले. अकराला टर्की ३२५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १६३ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये गेली. याहून कमी तापमानात टर्की भाजू नये.

दर अर्ध्या तासाने ओव्हन उघडून वरून रस ओतण्याची इथे अनेकांना सवय आहे. तो रस कातडीच्या आत जात नाही, दार उघडल्याने ओव्हन थंड होतो आणि कातडी नरम पडते. मी पहिले दोन तास दार उघडत नाही. एकच्या सुमारास छातीला सोनेरी रंग आला होता, तेव्हा तेवढ्याच भागावर फॉईल टाकले.

अडीच वाजता तापमापकाची सुई मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता खुपसली: १६७. छातीत १५९. सारणाच्या अगदी मध्यात १४८. हा शेवटचा आकडाच महत्त्वाचा, कारण छाती, मांडी आणि सारण या तिन्ही ठिकाणी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस गाठले गेलेच पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्याला टर्की तयार वाटली असती. छातीवरचे फॉईल दुहेरी केले आणि पुन्हा दार बंद केले. तीन वाजता १५८, सव्वातीनला १६६. तोवर छाती १७० च्या पुढे गेली होती. सारण पोटात भाजण्याची किंमत ती हीच, आणि मीठ व कातडीखालचे लोणी या दोन्हींची मेहनत इथे फळाला येते: कापताना सुरीबरोबर रस वाहत होता.

वीस मिनिटे पक्षी तसाच विसावू दिला. तेवढ्या वेळात पॅनमधली चरबी वेगळी करून त्यात मैदा खरपूस भाजला, तळाशी चिकटलेला तपकिरी खमंग थर लाकडी कालथ्याने सोडवला आणि मानेचा स्टॉक घालून ग्रेव्ही केली. मग सगळे सारण बाहेर काढून वाडग्यात घेतले. मध्यभागचे मऊ आणि रसरशीत होते, तोंडाशी उघडे राहिलेले कडक आणि खरपूस. शेजारच्या बाईंना ते कडक तुकडेच आवडतात, त्यांच्यासाठी ते बाजूला ठेवले. त्यांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या आईच्या घरी सेज असेच लागायचे, असे सांगितले.

टर्की हा पक्षी आपल्याकडे नवाच असणार, असे एक विद्यार्थी म्हणाला, तेव्हा गोव्याची गोष्ट निघाली. मेक्सिकोच्या परिसरात माणसाळवलेला हा पक्षी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. १६१२ मध्ये दरबारी मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे दुर्मीळ प्राणी-पक्षी आणले, त्यांत टर्की होती. तिच्या डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे बदलतात, असे जहांगीराने लिहून ठेवले, आणि त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले तिचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे प्लिमथला इंग्रजांचे जहाज लागले त्या १६२० सालाच्या आधीच गोव्याच्या बाजारातून टर्की आग्र्याकडे निघाली होती. मुलांना हे फार आवडले, आणि मलाही दर वेळी सांगताना आनंद होतो.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

काल जेवण आटोपताच, दोन तासांच्या आत उरलेले मांस हाडांवरून काढून उथळ डब्यांत भरले आणि सारण वेगळ्या डब्यात ठेवले. ते तीन-चार दिवसांत संपवायचे आणि खाताना पूर्ण गरम करायचे, हे मुलांना डबे देताना दोनदा सांगितले. आज सारणाच्या जाड वड्या पाडून तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी तांबूस परतल्या. न्याहारीला अंड्याबरोबर सगळ्यांनी त्याच मागून घेतल्या. हाडे, कांदा आणि उरलेल्या थाईमच्या काड्या मोठ्या पातेल्यात चढवल्या आहेत. संध्याकाळी गाळून त्यात बार्ली आणि गाजर घालीन.