तुम्ही विचारलेत म्हणून : तान्ह्या बाळाला घेऊन वेळेवर कसे निघायचे?

आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन मी बहुतेक ठिकाणी ठरल्या वेळेला पोहोचते, म्हणून ‘हे तुम्हाला जमते तरी कसे?’ असा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारीच्या कडेवर बहुधा बाळ असते आणि तिच्या खांद्यावरून बॅग घसरत असते, त्यामुळे उभ्या उभ्या काही सांगण्यात अर्थ नसतो आणि आम्ही दोघी हसून वेळ मारून नेतो. ते उत्तर आज सवडीने लिहिते आहे.

पहिले तीन महिने मी एकदाही वेळेवर पोहोचले नव्हते. बाळाचे कपडे बदलायला पाच मिनिटे, बॅग भरायला पाच आणि स्वतःचे आवरायला दहा, म्हणजे वीस मिनिटांत आपण दाराबाहेर असू, असा माझा हिशेब असे. एक आठवडाभर मी घड्याळ लावून ही वेळ खरोखर मोजली, तेव्हा ती एकदाही पंचेचाळीस मिनिटांच्या आत आली नाही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीचे वर्णन ‘नियोजनाचा भ्रम’ अशा अर्थाच्या शब्दांत केले होते. सगळे सुरळीत पार पडेल असे धरून माणूस अंदाज बांधतो आणि मागच्या खेपेला काय झाले होते ते विसरतो. माझ्या बाबतीत मागची खेप कालचीच असे, तरीही मी ती विसरत असे.

पण नुसती वीसची पंचेचाळीस मिनिटे करूनही फरक पडला नाही, कारण चूक आकड्यात नव्हती, मोजायला सुरुवात कुठून करायची यात होती. मी निघायच्या वेळेपासून मागे मोजत होते. मोजायला हवे होते ते बाळाच्या दुधापासून. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा दूध पिते. म्हणजे एका पाजण्याच्या सुरुवातीपासून पुढच्या पाजण्याच्या सुरुवातीपर्यंत दोन-तीन तास, आणि त्यातले अर्धा-पाऊण तास पाजण्यात आणि ढेकर काढण्यातच जातात. उरलेल्या वेळात जाणे, काम आणि शक्य तर परतणे बसवायचे असते. म्हणून अकराला पोहोचायचे असेल आणि रस्ता अर्ध्या तासाचा असेल, तर साडेदहाला निघायचे हे मी आता लक्षातच ठेवत नाही. साडेनऊला पाजायला बसायचे, एवढेच लक्षात ठेवते. बाळाची भुकेची वेळ नऊची असेल तर थोडे खेळवून ती अर्धा तास पुढे नेता येते, दहाची असेल तर थोडी अलीकडे आणता येते. मात्र त्यापलीकडे ओढाताण करू नये, कारण भुकेने रडून रडून थकलेले बाळ धड पीतही नाही.

साडेनऊला बसून दहाला पाजणे संपते, मग उरलेला अर्धा तास कशासाठी, असे विचाराल. त्या अर्ध्या तासासाठीच हा लेख लिहिला आहे म्हणा ना. पायांत चपला आहेत, किल्ली कुलपात आहे, आणि कडेवरचे बाळ एकाएकी गप्प होते. त्याची नजर समोरच्या भिंतीवर खिळते, भुवया लालसर होतात, मूठ आपल्या बाहीवर घट्ट आवळली जाते. पुढचे सांगायला नको. याला बाळाचा खोडसाळपणा समजू नये. पोट दुधाने भरले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. हे सगळ्यांच्याच शरीरात घडते, पण लहान बाळांत ते फार ठळकपणे दिसते. तेव्हा दूध पाजून तडक निघणे म्हणजे ही गोष्ट रस्त्यात घडू देणे. मी ढेकर काढते, तिला उभी धरून घरात फेऱ्या मारते, स्वतःचे केस विंचरते आणि वाट पाहते. डायपर शेवटचा बदलायचा तो यानंतर, आणि बाहेरचे कपडेही यानंतरच. पंधरा-वीस मिनिटांत काही झाले नाही, तर मात्र निघते. त्या दिवशी नशिबाचा भाग असतो.

कपड्यांबद्दल एवढेच, की मोटारीतल्या बाळाच्या आसनात बसवायचे असेल तर फुगीर जाकीट पट्ट्यांखाली घालू नये, त्यामुळे पट्टा सैल राहतो. ते वरून पांघरावे. स्वतःचा चांगला सदरा मी अगदी शेवटी घालते, कारण ढेकराबरोबर दूध खांद्यावर येणारच.

घरात दोन मोठी माणसे असली की काम लवकर होते, हा समज मला फारसा पटत नाही. दोघेही सगळे करू लागतात, आणि मग ‘वाइप्स घेतलेस का?’, ‘मला वाटले तू घेतलेस’ हा संवाद जिन्यात होतो. आमच्याकडे आता एकाकडे फक्त बाळ आणि दुसऱ्याकडे बाकी सगळे, अशी वाटणी आहे. बाळ सांभाळणाऱ्याने बॅगेला हातही लावायचा नाही.

बॅग निघताना भरायची नसते, परतल्यावर भरायची असते. वापरलेल्या डायपरांच्या जागी नवे, मळलेल्या झबल्याच्या जागी धुतलेले, लाळेरी आणि माझ्यासाठी एक जादा सदरा. बाटलीचे दूध तेवढे आदल्या दिवशी भरता येत नाही. पावडरीचे दूध एकदा बाळाच्या तोंडाला लागले की तासाभरानंतर उरलेले टाकून द्यावे लागते, म्हणून उकळलेले गरम पाणी थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर निराळ्या डबीत नेणे बरे. दमून घरी आल्यावर पुन्हा बॅग उघडून बसायचा कंटाळा येतो, हे खरे. तरी मी मुलीला अंथरुणावर ठेवते, चपला काढायच्या आधी बॅग जमिनीवर पालथी करते आणि आत किती डायपर उरले आहेत ते मोजते.