वेगळा वार का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"दवाखाना बायकांचा ना, मग तृतीयपंथीयांना त्याच बाकड्यावर कशाला बसवता? त्यांना एखादा वेगळा वार द्या की." हे मला डॉक्टरांच्या बैठकीत विचारून झालंय, देणगीदारांनी विचारून झालंय. आत्यानं तर लग्नाच्या पंगतीत विचारलं, वाढपी जिलबीचं ताट घेऊन शेजारी उभा असताना. विचारणारे बहुतेक भले असतात, त्यामुळे धड चिडताही येत नाही.

वार ठरला की गाव वार ओळखतं. आमचं बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गोळ्यांच्या रांगेत कोण उभं होतं हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचतं. परळीहून येणाऱ्या किन्नरांना वाराचं काही वाटणार नाही, त्यांना सगळा बाजार ओळखतो. पण घरी एक अक्षर न बोललेला पोरगा त्या वारी आमचा जिना चढेल का? तो बायकांच्या गर्दीतून, बहिणीची फाईल हातात धरून येतो. तेवढीच त्याची सोय.

आणि "फंड मिळतो म्हणून करता" म्हणणाऱ्यांसाठी: आमच्याकडचे बहुतेक केसपेपर अंगावरून जाणं, पांढरं जाणं, रक्त कमी असणं आणि पाळणा लांबवणं याचे आहेत. सोनोग्राफीचं मशीन मी मुद्दाम घेतलेलं नाही. २०११च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्या जिल्ह्यात मशीन ठेवलं की "सांगा की हो मॅडम" म्हणणारे नातेवाईक दाराशी येणारच, आणि मला ती कटकट नको होती. कमाईचं सगळ्यात मोठं साधन सोडलं, आता फंडाचं बोला.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप वेगळा. "बायकांचे आजार त्यांना कुठून?" गर्भाशयाचं तोंड ज्याला आहे त्याला तिथला कॅन्सर होऊ शकतो, आधार कार्डावर पुरुष लिहिलेलं असलं तरी. शेजारच्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभर त्याचा दाखला देतात. पण तपासणीला बायकांची यादी करणारी आशाताई जन्मानं मुलगी असून पोरगा म्हणून जगणाऱ्याचं नाव कुठे लिहिणार? एक सहकारी म्हणाले, गर्भपाताचा कायदा तरी बायकांचाच आहे. २९ सप्टेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांनी वाचला नसावा. गर्भपाताची गरज पडणाऱ्या, स्त्री नसलेल्या व्यक्तीही त्यात धरल्या आहेत.

इथवर मी सगळ्यांना पुरून उरते. पुढचं मात्र मी पंगतीत सांगत नाही.

दसरा तोंडावर आला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघायची घाई, त्यामुळे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकड्यावर एक ऊसतोड करणारी बाई होती. तिशीच्या आतली, तीन लेकरं, कोयत्याची उचल, म्हणजे टोळीच्या मुकादमाकडून हंगामाचे आगाऊ पैसे, घेऊन झालेली. तिच्या शेजारी बावीस-तेवीसचा मुलगा, जन्मानं मुलगी, आईबरोबर आलेला. शर्टाच्या आत छातीला क्रेप बँडेज इतकं आवळलेलं की बगलेत कातडी सोलली होती. नंबर आल्यावर दोघांनी एकच गोष्ट मागितली. गर्भाशयाची पिशवी काढून टाका.

बाईला मी नाही म्हणाले. पाळीच्या दुखण्यानं खाडे पडू नयेत म्हणून बीडमध्ये ऊसतोड बायका पिशवी काढून घेतात, हे तुम्हाला सांगायला नको. २०१९ मध्ये सरकारच्या समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. माझा दवाखाना याच 'नाही'वर उभा आहे. तिला जंतुसंसर्ग होता, हिमोग्लोबिन सातच्या आसपास, गाठ वगैरे काही नाही. गोळ्यांनी बरं होणारं दुखणं. दुसरीकडच्या डॉक्टरनं "ठेवली तर कॅन्सर होईल" म्हणून घाबरवलं होतं. मी तक्ता दाखवून समजावलं. सोबत अंडाशयंही काढली तर आत्ताच पाळी जाईल, अंगाची आग होईल, हाडं ठिसूळ होतील. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोपीत ना संडास, ना पाणी. एक खाडा झाला की मुकादम पाचशे कापतो. गोळ्या कवा खाऊ?"

मुलाला मी 'काढते' म्हणाले नाही, पण 'नाही'ही म्हणाले नाही. मानसोपचारतज्ज्ञाची भेट, रक्ताच्या तपासण्या, कुठल्या शहरात जावं लागेल, सगळं कागदावर लिहून दिलं. तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९च्या कायद्यात या उपचारांची सोय सरकारनं करावी असं आहे, तेही सांगितलं. बाहेर त्याच्या आईला रडू आवरेना. शेजारी बसलेल्या त्या बाईला तिनं सगळं सांगून टाकलं.

बाई पडदा सारून परत आत आली. "त्याची चांगली पिशवी काढायला वाट दाखवता, आन् माझी खराब झालेली ठिव म्हणता?"

सिस्टर तिला बाहेर न्यायला लागल्या. मी थांबवलं. म्हणाले, तो कितीतरी वर्षांपासून स्वतःसाठी मागतोय, तुम्ही मुकादमापायी मागताय.

"मंग? मुकादम माझ्या जिंदगीत नाही व्हय? उद्या म्या बी म्हणते, मला ल्हानपणापासून नको व्हती. मंग काढता का?"

मुलगा दारातच उभा होता. हळूच म्हणाला, "मावशी, मला बी थांबायला सांगितलंय."

"तुला कोण कापतंय पाचशे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वैद्यकीय उत्तर होतं, तेच मी दुसऱ्यांदा दिलं.

दवाखाना काढताना मी अर्जात मोठ्या दिमाखात लिहिलं होतं, शरीर ज्याचं, निर्णय त्याचा. तेव्हाच्या मला मी आता विचारते, बाई गं, मग तिचा निर्णय का नाही मानलास? तेव्हाची मी म्हणते, तो निर्णय त्या बाईचा नव्हताच, पाचशे रुपयांचा होता. बरं. पण शेजारणींनी, बाजारानं, घरच्यांनी ढकलल्याशिवाय घेतलेले असे किती निर्णय माझ्या टेबलापर्यंत येतात? या मुलाचा आतून आला म्हणून तो खरा, आणि बाईचा पैशातून आला म्हणून खोटा, हे ठरवायला मी कोण? तरीही ठरवते. निरोगी पिशवी खाड्यापायी काढायला मी पुढेही नाहीच म्हणणार. आणि त्या मुलाला 'तू मुलगीच आहेस, लग्न लावलं की जाईल सगळं' असंही म्हणणार नाही. ते ऐकूनच तो आला होता, तेही दवाखान्यातूनच. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं बोलता येतात की नाही, यावर माझं माझ्याशी अजून भांडण चालू आहे.

बाईनं दसऱ्याच्या आत दुसरीकडे पिशवी काढून घेतली. पैसे मुकादमानं दिले, उचलीत चढवले. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, ती आली तेव्हा रात्री अंगाची आग होते म्हणत होती, गुडघे धरले होते. मी कॅल्शियम लिहून दिलं. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. मुलगा अजून हेलपाटे मारतोय. एका ठिकाणी वडिलांची सही मागितली, सज्ञान असूनही. दुसरीकडे तारीख दिली आणि डॉक्टरांचीच बदली झाली.

आता तुमचा वेगळा वार. तो असता तर हे दोघं शेजारी बसले नसते, बाई पडदा सारून आत आली नसती, आणि 'नाही' म्हणून मी संध्याकाळी निवांत घरी गेले असते. तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर सांगतोय. कळतं मला. काही घरांनी सुना पाठवणं बंद केलं, हेही खरं, आणि त्या सुना आता कुठे जातात हे मला माहीत नाही. हे लिहायला जड जातं.

तडजोड म्हणून दिवे लागल्यावर तासभर दवाखाना सगळ्यांसाठी उघडा ठेवते, नाव न पुकारता. त्या तासाला किन्नर क्वचितच येतात. येतात त्या डोक्यावर पदर घेतलेल्या, घरून देवळाचं सांगून निघालेल्या बायका. वार मात्र वेगळा करणार नाही. निदान या हंगामात तरी नाही. टोळ्या परत आल्या की पुन्हा विचारा.