कातडी भरली, हाड नाही

गेल्या गळीत हंगामात गगनबावडा रोडवर माझी गाडी उसाच्या ट्रॉलीला धडकली. उजव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. आईनं दोन महिने पायाचं सूप पाजलं. चौथ्या महिन्यात टाक्यांशेजारी फोड आला, फुटला, पू आला. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाच दिवसांत तोंड बंद. तीन आठवड्यांनी पुन्हा तिथंच. असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा मी बरा झालो असंच धरून चाललो. ताप नव्हता, चालता येत होतं, रानात जात होतो.

शेवटी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. हाडातच जंतुसंसर्ग मुरलाय, असं ते म्हणाले. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. हाडात एक तुकडा बाजूच्यापेक्षा जास्त पांढरा होता. ''हा मेलाय. गोळी रक्तातनं जाते. इथं रक्तच नाही, तर औषध पोचणार कसं?'' प्लेटवरही जंतूंचा चिकट थर बसतो, त्याच्या आत औषध नीट शिरत नाही. मला लगेच हरळी आठवली. वरनं कितीही खुरपा, काशी राहिली की पुन्हा फुटते.

मग त्यांनी अँटिबायोटिक बंदच केलं, दोन आठवडे. पू वाहतोय आणि औषध नाही! घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण औषध चालू असलं की तपासणीत जंतू उगवत नाहीत, आणि जंतू कुठला हे कळल्याशिवाय नेमकं औषध ठरत नाही. वरच्या पुवावर भरवसा नको, नमुना हाडातलाच पाहिजे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. टीबीसाठीही एक तुकडा पाठवला.

हाड तोवर सांधलं होतं, म्हणून प्लेट काढता आली. मेलेलं हाड रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत तासलं. रक्त आलं म्हणजे तिथून पुढचं जिवंत. पोकळीत औषध मिसळलेल्या, हाडांसाठीच्या खास सिमेंटच्या मण्यांची माळ ठेवली, ती नंतर काढली. शेजारच्या खाटेवरच्या काकांचा तुकडा मोठा गेला होता, त्यांना इलिझारोव्हच्या कड्या, म्हणजे पायाभोवती बाहेरनं बसवून तारांनी हाडाला जोडलेल्या धातूच्या कड्या, लावल्या होत्या. त्यांनी हाड हळूहळू सरकवत नेतात आणि मागच्या फटीत नवं हाड तयार होतं. दिवसातनं चार वेळा पाव-पाव मिलिमीटर नट फिरवायचे, म्हणजे दिवसाला 1 मिलिमीटर नवं हाड. ते मोजून फिरवायचे, एकदाही चुकले नाहीत.

रिपोर्ट आला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू. हाडाच्या संसर्गात बहुतेकदा हाच सापडतो म्हणे. दंडात पिक लाइन, म्हणजे शिरेत बरेच दिवस ठेवायची बारीक नळी, घालून 6 आठवडे शिरेतनं औषध चाललं, दर आठवड्याला सीआरपी (अंगातली सूज-संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) आणि किडनीची तपासणी. तंबाखू त्याच दिवशी सुटली, कारण तिच्यानं हाडाचा रक्तपुरवठा घटतो हे ऐकल्यावर पुडी हातात धरवेना.

आता सीआरपी नॉर्मल आहे. पण हा आजार वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून रोज आंघोळीनंतर व्रणावर बोट दाबून बघतो. गरम लागतंय का, ओल आहे का. पुढची तपासणी दिवाळीनंतर.