तुम्ही विचारलंत म्हणून: थकवा कधी गेला?

ओळखीत कुणाला बाळ झालं की दोन-तीन महिन्यांनी मला फोन येतोच. आधी बाळाचं वजन, बाळाचं जावळ, बाळ कुणासारखं दिसतं ते सगळं होतं. मग आवाज खाली येतो. "तुझा थकवा कधी गेला गं?"

विचारणारीला तारीख हवी असते. तारीख माझ्याकडे नाही, पण एक वही आहे.

पहिले काही महिने मी मुलीला पाजल्याच्या वेळा लिहून ठेवायचे. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, त्यामुळे पानं भराभर भरायची. रात्री १.१०, उजवी. २.५५, डावी. ४.३०, आणि पुढे नुसती रेघ, घसरत पानाच्या कडेपर्यंत गेलेली. लिहिता लिहिताच डोळा लागला होता. सातव्या आठवड्यात नवरा ती वही घेऊन बसला. (आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय त्याला राहवत नाही.) "अगं, दिवसरात्र मिळून सहा तास होतेय की तुझी झोप," म्हणाला. मला असा संताप आला! म्हटलं, बेरीज करू नकोस, सगळ्यांत मोठा तुकडा शोध. तो निघाला एक तास वीस मिनिटांचा.

झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. म्हणजे माझं एकही धड पुरं होत नव्हतं. "बाळ झोपलं की तूही झोप" हा सल्ला मला किती जणांनी दिला असेल! बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, हे खरंच आहे. पण तेही तुकड्यातुकड्यांनी, आणि पहिले दोन-तीन महिने तर त्याला दिवस कुठला, रात्र कुठली याचाच पत्ता नसतो. शिवाय कूस बदलल्याचा आवाज आला तरी आईचा कान जागा होतो.

त्या रात्रीपासून आम्ही एकच गोष्ट बदलली. नऊला पाजलं की मी दुसऱ्या खोलीत जायचं, दार लावून घ्यायचं. मधली एक वेळ तो सांभाळणार, काढून ठेवलेल्या दुधावर. पहिल्या रात्री मी भिंतीला कान लावून पडून होते. तिसऱ्या रात्री सलग साडेचार तास झोपले. उठले तेव्हा कपडे दुधाने भिजले होते आणि डोकं कितीतरी दिवसांनी माझं वाटत होतं. हे सांगताना संकोच वाटतो, कारण त्यासाठी घरात दुसरं माणूस लागतं, आणि त्या माणसाने उठावंही लागतं.

झोप सुधारली, जिना मात्र सुधारेना. अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभी राहायचे आणि ठोके छातीत नाही, कानात ऐकू यायचे. सहा आठवड्यांच्या तपासणीत टाके पाहिले, बाळाचं वजन केलं. थकव्याचं विचारलं तर उत्तर मिळालं, "तो येणारच." येणारच, हे खरं. पण कशाने, ते कुणी बघितलं नाही. चौथ्या महिन्यात मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९! बाळंतपणात अर्धा लिटरच्या वर रक्त गेलं तर ते जास्त धरतात. माझं गेलं होतं, आणि घरी आल्यावर त्या गोष्टीचा विषयच कुणी काढला नव्हता, मीसुद्धा नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. शौचाला काळं होतं, घाबरू नका. महिन्याभरात मी न थांबता वर पोचले. तरी डॉक्टरांनी गोळ्या पुढे तीन महिने चालू ठेवल्या, कारण हिमोग्लोबिन वर आलं तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्याच रक्तात थायरॉइडही पाहिलं. माझं ठीक निघालं. पण बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींच्या थायरॉइडला सूज येते. आधी धडधड, मग काही महिन्यांनी मरगळ, थंडी वाजणं, आणि ते सगळं बाळंतपणाच्या खात्यावर टाकलं जातं.

म्हणून आता फोन आला की मीच उलट विचारते. जिना चढताना धाप लागते का? रक्त शेवटचं कधी तपासलंस? आणि तिसरा प्रश्न, ज्याच्या उत्तराची मी नीट वाट बघते: बाळ दुसऱ्याकडे आहे, घर शांत आहे, तुला झोपायला मिळालंय, तर झोप लागते का?

मला डोकं टेकताच लागायची. एका मैत्रिणीचं उत्तर आलं, "नाही गं, छताकडे बघत पडते." तिचं बाळ तीन महिन्यांचं होतं. पहिल्या दोन आठवड्यांतली रडारड बहुतेक जणींची आपोआप ओसरते. त्यापुढे राहिली, कशातच मन लागेना, किंवा अशी झोपच येईना, तर तो नुसता थकवा नसतो, बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबराची दहा प्रश्नांची यादी आहे, पाच मिनिटांत भरून होते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला थोडंसं जरी "हो" असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. ती गेली. तिला औषधं लागली, बरी झाली, आता ती इतर मैत्रिणींना हेच प्रश्न विचारते.

माझं म्हणाल तर वहीतली शेवटची नोंद नवव्या महिन्यातली आहे, पुढे कोरी पानं. लिहायचं का थांबवलं ते आठवत नाही, म्हणजे बहुधा तेव्हाच केव्हातरी गेला असावा. पूर्वीसारखी झोप मात्र अजून नाही. जर्मनीतल्या आईवडिलांवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या बाळानंतर सहा वर्षांपर्यंत झोप पूर्ववत झालेली नव्हती. माझी अडीच झालीत.

हे शेवटचं मी फोनवर सांगत नाही.