दोन घड्याळांच्या गावचा मित्र

मार्च २००८ मधील एका रात्री जर्मनीतील आखेनच्या विद्यार्थी वसतिगृहात, आमच्या मजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघरात, माझ्या चिनी शेजाऱ्याने भाताच्या कुकरशेजारी लॅपटॉप उघडला आणि मला दोन छायाचित्रे दाखवली. पहिल्यात तिबेटच्या राजधानीत, नुकतीच दंगल उसळलेल्या ल्हासाच्या रस्त्यावर लष्करी ट्रक दिसत होते आणि त्यांच्यापुढे जिवाच्या आकांताने पळणारी दोन माणसे. दुसरे छायाचित्र तेच, परंतु अखंड होते. सीएनएनच्या संकेतस्थळावर कापला गेलेला भाग त्यात शाबूत होता आणि त्या भागात जमाव त्याच ट्रकांवर दगड फेकत होता. नंतर त्याने तिसरे छायाचित्र उघडले. निदर्शकांना झोडपणारे पोलिस तिबेटमधील आहेत असे एका जर्मन वाहिनीने सांगितले होते. "गणवेश बघ," तो म्हणाला. माझे लक्ष आधी लाठ्यांकडे गेले. तसल्या लाठ्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ते नेपाळचे पोलिस होते आणि स्थळ काठमांडू होते. आरटीएल आणि एन-टीव्ही या वाहिन्यांनी पुढे ही चूक मान्यही केली.

त्याचे नाव मी येथे देणार नाही, कारण त्याचे आईवडील अजून तिकडेच राहतात. तिकडे म्हणजे तिबेटमध्ये नव्हे, तर वायव्य चीनमधील शिनजियांग प्रदेशाची राजधानी उरुम्ची येथे. तो हान, म्हणजे चीनमधील बहुसंख्याक समाजाचा आहे. वडील साठच्या दशकात हनान प्रांतातून तेथे गेले आणि कापड गिरणीत लागले. मी सोलापूरचा आणि माझे वडीलही गिरणीतलेच, त्यामुळे पहिल्या भेटीतच आमचे जमले. त्यातच सोलापूरचे नाव ऐकून त्याने शाळेच्या पुस्तकातले 'के दिहुआ', म्हणजे आपले डॉक्टर कोटणीस, आठवून दाखवले आणि मी त्याला कायमचा आपला मानला. चीनमधल्या वांशिक संघर्षांविषयी आणि त्यांच्या परदेशी वार्तांकनाविषयी मला जे काही समजले, ते पुस्तकांइतकेच या माणसाशी घातलेल्या वादांतून समजले.

त्या वसंत ऋतूत परदेशातील चिनी विद्यार्थी पेटून उठले होते. बीजिंगमधील एका तरुण पदवीधराने 'अँटी-सीएनएन' नावाचे संकेतस्थळ काढून पाश्चात्त्य माध्यमांच्या चुकांची यादीच मांडली होती आणि 'माणसाने इतके सीएनएन होऊ नये' हे वाक्य चिनी तरुणांमध्ये म्हणीसारखे वापरले जात होते. माझ्या मित्राची तक्रार मात्र छायाचित्रांपुरती नव्हती. १४ मार्चला ल्हासात जळालेली बहुतेक दुकाने हान आणि हुई मुसलमान लोकांची होती, कपड्यांच्या एका दुकानात पाच मुली जळून मेल्या आणि त्यांतील एक तिबेटीच होती, हे त्याच्या भोवतालच्या कोणत्याही जर्मन माणसाला ठाऊक नव्हते. "मारणारा भिक्षू तुमच्या डोक्यात बसत नाही," तो म्हणे. या 'तुमच्या'त तो मलाही धरत असे, ते मला खटकत असे.

तरीही त्याच्या रागात एक मोठे भोक होते, आणि ते मी त्याला दाखवले. त्या दिवशी अधिकृत परवानगीने ल्हासात असलेला एकमेव परदेशी पत्रकार म्हणजे 'द इकॉनॉमिस्ट'चे जेम्स माइल्स. हान आणि हुई दुकानांवरचे हल्ले त्यांनी स्वतः पाहिले आणि जसे पाहिले तसे लिहिले. म्हणजे परदेशी पत्रकार जेथे उभा होता, तेथून त्याने मित्राच्या बाजूचेही सत्य सांगितले होते. गोंधळ झाला तो नंतर, जेव्हा तिबेट परदेशी पत्रकारांना बंद झाले आणि दूर कोलोनमध्ये बसलेल्या संपादकाने काठमांडूची दृश्ये उचलली. मग दार कोणी बंद केले? यावर तो बराच वेळ भात परतत राहिला. "दार आम्ही बंद केले," अखेरीस तो म्हणाला, "पण म्हणून आत काय दिसते याचे चित्र तुम्ही मनाने काढावे काय?" या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि आजही माझ्यापाशी नाही.

येथे माझीही एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई, पुणे, नाशिककडे उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांवर आणि फेरीवाल्यांवर हल्ले झाले होते, आणि याच स्वयंपाकघरात त्याने मला त्याबद्दल विचारले होते. मी तासभर बोललो. दिल्लीच्या वाहिन्या फुटलेल्या काचेचे एकच दृश्य दिवसभर फिरवतात, त्यांना महाराष्ट्राचे काही कळत नाही, स्थानिक तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न खरा आहे, संयुक्त महाराष्ट्रापासूनचा इतिहास समजून घेतल्याशिवाय बोलू नये, असे बरेच काही. त्यातले पुष्कळसे खरेही होते. परंतु मार खाल्लेला टॅक्सीवाला माझ्या त्या तासाभरात एकदाही आला नाही. मित्राने तेव्हा शांतपणे ऐकून घेतले आणि महिन्याभराने, ल्हासाच्या वादात मी त्याला कोंडीत पकडले असताना, अगदी सभ्यपणे एवढेच विचारले, "त्या टॅक्सीवाल्याचे पुढे काय झाले?"

मग २००९ चा जुलै आला. ठिणगी पडली होती ती उरुम्चीपासून हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेकडील ग्वांगदोंग प्रांतातील शाओग्वान येथे. तेथील एका खेळण्यांच्या कारखान्यात शिनजियांगमधील काशगरकडून आणलेले सुमारे ८०० उइगुर कामगार होते; उइगुर म्हणजे शिनजियांगमधील तुर्की भाषाकुळातले मुसलमान. त्यांनी हान मुलींवर बलात्कार केल्याची अफवा एका माजी कामगाराने इंटरनेटवर पसरवली आणि २५ जूनच्या रात्री वसतिगृहात शिरलेल्या जमावाने लोखंडी गजांनी मारहाण केली. सरकारी आकड्यानुसार दोन उइगुर मरण पावले. या हत्यांची चौकशी व्हावी म्हणून ५ जुलैला उरुम्चीत उइगुर विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि संध्याकाळपर्यंत त्याचे भीषण दंगलीत रूपांतर झाले. सरकारने मृतांचा आकडा १९७ सांगितला; त्यांत बहुसंख्य हान होते. परदेशातील उइगुर संघटनांनी मात्र पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्या उइगुरांचा आकडा यापेक्षा कितीतरी मोठा असल्याचे म्हटले. ७ जुलैला हान जमाव काठ्या, फावडी आणि गज घेऊन रस्त्यावर उतरला.

आखेनमध्ये माझा मित्र फोन लावत बसला होता. शिनजियांगचे इंटरनेट बंद झाले होते, ते पूर्ववत व्हायला पुढचा मे महिना उजाडला; बाहेरदेशी फोनही लागत नव्हते. चीनच्या आत फोन चालू होते, म्हणून हनानमधील मावशी उरुम्चीला फोन करी, आईवडिलांची खुशाली घेई आणि मग आखेनला कळवी. पण मावशीला एवढेच कळे की ते घरात आहेत आणि भाजी संपली आहे. गल्लीत काय चालले आहे, गिरणीच्या चाळींकडे कोण येत आहे, हे जाणून घ्यायला त्याच्यापाशी एकच मार्ग होता. ल्हासाचा धडा घेऊन सरकारने या वेळी परदेशी पत्रकारांना उरुम्चीत येऊ दिले होते आणि एका हॉटेलात त्यांच्यासाठी इंटरनेटही चालू ठेवले होते. वर्षभरापूर्वी ज्यांच्या नावाने तो बोटे मोडत होता, त्या बीबीसी आणि सीएनएनची पाने तो आता रात्रभर दर दहा मिनिटांनी ताजी करीत होता. मी त्यावरून त्याला कधीही चिडवले नाही, हे माझ्या हातून घडलेल्या मोजक्या शहाणपणांपैकी एक म्हणावे लागेल.

पत्रकारांना जळालेली मोटारविक्रीची दुकाने दाखवायला सरकारी अधिकारी घेऊन गेले, तेव्हा उइगुर स्त्रिया अचानक रस्त्यावर आल्या आणि पकडून नेलेल्या नवऱ्यांसाठी, मुलांसाठी आक्रोश करू लागल्या. कुबडी घेतलेली एक बाई सशस्त्र पोलिसांच्या गाड्यांपुढे एकटीच उभी राहिल्याचे छायाचित्र त्या दिवशी जगभर गेले. मित्राने ते मोठे करून पाहिले. "हा रस्ता मला ठाऊक आहे," तो म्हणाला. या छायाचित्रातील गणवेशात त्याला काही चूक सापडली नाही.

चुका दुसऱ्या बाजूनेही झाल्या. परदेशस्थ उइगुरांची संघटना असलेल्या जागतिक उइगुर काँग्रेसच्या तेव्हाच्या अध्यक्षा रेबिया कादिर यांनी अल-जझीरावर उरुम्चीचे म्हणून जे छायाचित्र उंचावून दाखवले, ते प्रत्यक्षात हूबे प्रांतातील शिशौ गावातील वेगळ्याच दंगलीचे निघाले. चिनी माध्यमांना जणू घबाड मिळाले. एरवी माझ्या मित्रालाही मिळाले असते. त्याने ती बातमी मला दाखवली खरी, पण तिच्यात त्याचा जीव नव्हता.

त्याच सुमारास त्याने मला घड्याळाची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. पहिल्यांदा ती विनोद म्हणून सांगितली होती. संपूर्ण चीनमध्ये बीजिंगची वेळ चालते, परंतु उरुम्चीत सूर्य सुमारे दोन तास उशिरा उगवतो. त्यामुळे तेथील हान लोक बीजिंगची वेळ पाळतात आणि उइगुर बहुधा दोन तास मागे असलेली स्थानिक वेळ. लहानपणी त्याने एका उइगुर वर्गमित्राला वाढदिवसाला पाच वाजता बोलावले. तो आपल्या घड्याळाने पाचलाच आला, तेव्हा यांच्याकडे सात वाजले होते, केक संपला होता आणि आईने 'ही माणसे कधी वेळ पाळत नाहीत' असा शेरा मारला होता. तो मुलगा शाळेत रोज बीजिंगच्या वेळेवर हजर असे. "म्हणजे त्याला दोन्ही घड्याळे येत होती आणि मला एकच," मित्र म्हणाला, "आणि तरीही मी सर्वांना सांगत आलो की आमच्यात कधी भेदभाव नव्हता." अल्पसंख्याकांना महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत मिळणारे जादा गुण आणि अपत्यसंख्येतील सवलत हे त्याचे नेहमीचे मुद्दे होते. आमच्याकडे आरक्षणावर चालणारे वाद ऐकून मोठा झालेल्या माणसाला ते नवीन नव्हते. ते मुद्दे त्याने सोडले नाहीत. फक्त आता तो ते पहिल्या वाक्यात मांडत नसे.

त्याचे मन पालटले आणि तो पाश्चात्त्य माध्यमांचा भक्त झाला, असे समजू नये. मार्च २०१४ मध्ये कुनमिंगच्या रेल्वेस्थानकावर सुरे घेतलेल्या हल्लेखोरांनी, सरकारच्या म्हणण्यानुसार शिनजियांगच्या फुटीरतावाद्यांनी, ३१ जणांना मारले, तेव्हा काही परदेशी बातम्यांत 'दहशतवादी' हा शब्द अवतरणचिन्हांत आला. त्याने त्या दोन चिन्हांवर मला लांबलचक पत्र लिहिले, आणि त्यातील प्रत्येक शब्दाशी मी सहमत होतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीजिंगमधील उइगुर अर्थतज्ज्ञ इल्हाम तोहती यांना जन्मठेप झाली. हान आणि उइगुर समाजांनी एकमेकांशी बोलावे म्हणून संकेतस्थळ चालवणारा तो प्राध्यापक होता. त्याबद्दल मित्राने एकच ओळ लिहिली: "बोलणाराच आत गेला."

शिनजियांगमध्ये उइगुरांना डांबून ठेवणाऱ्या छावण्यांच्या बातम्या २०१७ पासून येऊ लागल्या, तेव्हा त्याने आधी सवयीने उपग्रहचित्रांतील चुका शोधल्या. एखादी शाळा छावणी म्हणून दाखवली आहे काय, आकडे कशावरून काढले, साक्ष देणारा कोण आहे, असे त्याचे प्रश्न असत आणि ते रास्तही होते. सरकार म्हणत होते की ही व्यवसाय प्रशिक्षण केंद्रे आहेत. आईशी फोनवर तो हवामान आणि गुडघेदुखी यांपलीकडे काही बोलत नसे, आणि आईही बोलत नसे.

त्याच सुमारास एका शरद ऋतूत त्याने त्या उइगुर वर्गमित्राला, जो आता उरुम्चीतच दोन मुलांचा बाप झाला होता, वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. संदेश गेला नाही. खाली राखाडी अक्षरांत सूचना आली की आपण यांच्या मित्रयादीत नाही, आधी मैत्रीची विनंती पाठवावी. परदेशात राहणाऱ्यांशी संपर्क असणे हाच तिकडे संशयाला पुरेसा आधार ठरत होता आणि असंख्य उइगुर आपल्या परदेशस्थ नातेवाइकांनाही यादीतून काढून टाकत होते, हे त्याने परदेशी वृत्तपत्रांतच वाचले होते आणि तोवर त्यावर विश्वास ठेवला नव्हता. फोन त्याने माझ्यापुढे धरला. विनंती पाठवण्याचे बटण त्या ओळीतच होते. ती पाठवली तर त्या वर्गमित्राच्या फोनवर नोंद राहील, असे म्हणून त्याने फोन खिशात ठेवला आणि तिकडे आता किती वाजले असतील, याचा हिशेब तो बोटांवर करू लागला, आधी एका घड्याळाने आणि मग दुसऱ्या.