मारुतीचं इंजिन काहून नाही बसवत?

"काकाजी, हिच्यात मारुतीचं इंजिन काहून नाही बसवून घेत? झंझटच मिटते." पुलगावच्या पेट्रोल पंपावर, आर्वीच्या लग्नात, एकदा तर मयतीवरून परतताना, हा प्रश्न मला कोणीतरी केलाच आहे. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट बसून लिहितो.

गाडी १९६६ची स्टँडर्ड हेरॉल्ड, दोन दारांची. मूळ इंग्लंडची ट्रायम्फ हेरॉल्ड, ही मद्रासला बनलेली. आकार मिकेलोत्ती या इटालियन कारागिराने काढलेला. मडगार्डांसकट सगळं बॉनेट पुढे कलतं, मग पुढच्या टायरवर बसून इंजिनचं काम करा. आणि वळते केवढ्यात, तर २५ फुटांत! वडिलांनी ती कापसाच्या पैशातून जुनीच घेतली होती.

बारा वर्षांपूर्वी बाजार समितीच्या आवारात कापसाच्या बंड्या लागल्या होत्या. त्यांच्यामधून स्टेअरिंग पूर्ण मारून वळवत होतो. वेग माणसाच्या चालीचा. कडकन आवाज झाला, डावं चाक मुडपलं आणि गाडी नाकावर बसली. मिस्त्री म्हणाला, डिझाइनच कच्चं आहे, आपण जीपचा पुढचा ॲक्सल टाकू. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

त्या रात्री वडिलांच्या ट्रंकेतलं कंपनीचं मॅन्युअल काढलं. पुढच्या चाकाला धरणारा उभा पोलादी दांडा खाली एका पितळी गुटक्यात आट्यांवर फिरतो. त्या गुटक्याला ट्रनियन म्हणतात. मॅन्युअलमध्ये तिथे ऑइल सांगितलं होतं, गिअरचं, ९० नंबरचं, ग्रीसगनमध्ये भरून द्यायचं. आम्ही इतकी वर्षं तिथे ग्रीस मारत होतो! घट्ट ग्रीस आट्यांच्या आत पोचत नाही. पावसाळ्याचं पाणी मात्र पोचतं, मग गंज धरतो, दांडा गुटक्यात आवळतो आणि एक दिवस आट्यांवरच तुटतो. डिझाइन कच्चं नव्हतं. गाडी जे मागत होती ते आम्ही दिलं नव्हतं.

तेव्हापासून बदल सुचवणाऱ्याला मी आधी हेच विचारतो, की मूळ वस्तूला तिचं देणं दिलं का? नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, गाडी उकळायची, तर सगळे म्हणाले इलेक्ट्रिक फॅन लावा. रेडिएटर उघडून पाहिला तर नळ्यांमध्ये पांढरा थर, आमच्या बोअरच्या जड पाण्याचा. नळ्या साफ करून घेतल्या, शुद्ध पाण्यात कूलंट घातलं. आता ४५ डिग्रीतही काटा मधेच राहतो. फॅन बसवला असता तर तो थर तसाच वाढत गेला असता.

मग मारुतीचं इंजिन? हिचं इंजिन ९४८ सीसीचं, ताकद ३५ हॉर्सपॉवरच्या आसपास. मागे आडवा पाट्याचा स्प्रिंग आणि स्विंग ॲक्सल, म्हणजे चाक ॲक्सलसकट वर-खाली झुलतं. जोरात वळताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत मुडपू बघतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्यावर दुप्पट ताकदीचं इंजिन चढवायचं म्हणजे मागचं, ब्रेकचं, सगळंच बदलावं लागेल. मग हेरॉल्डचं राहील काय? नुसतं बॉनेट.

कायद्याचाही भाग आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. मी तो घेतलेला नाही, कारण तो घेतला की गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही आणि मला ती वावरात न्यायची असते. तरी पुढे मुलीला घ्यावासा वाटला, तर माझ्यामुळे अडू नये.

म्हणजे मी काहीच बदललं नाही असं नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, त्याने जुनं रबर फुगतं नि चिरतं. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा टाकला. ब्रेकची एकच लाइन आहे, एक नळी फुटली की सगळेच ब्रेक गेले. म्हणून पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा मास्टर सिलिंडर दोन लाइनींचा बसवायचं ठरवलंय. रस्त्यावर दुसऱ्यांची लेकरं असतात, तिथे मूळपणाचा हट्ट मला पटत नाही. जुना सिलिंडर पुसून, कागदात गुंडाळून, तारीख टाकून ठेवीन.

एक गोष्ट मात्र मी चुकलो. भावाच्या लग्नात हौसेने रंग दिला, चकचकीत लाल. खालचा फिकट निळा कंपनीचा होता. ड्रायव्हरच्या दारावर वडिलांच्या कोपराने घासून गुळगुळीत झालेली जागा होती, तीही खरडून टाकली. निळा रंग पुन्हा मिळेल. ती जागा कुठून आणू?

तो तुटलेला दांडा घरी फळीवर ठेवलाय. पोळ्यानंतर या, हातात देतो. आट्यांतला गंज अजून दिसतो.